आडनावाची अक्षरे : जर्मनच्या तोंडी परीक्षेची तयारी

आपल्या वस्त्यांतून हल्ली जर्मन भाषेची चर्चा ऐकू येते. नर्सिंग झालेल्या मुली, आय. टी. आय. झालेली मुले, लग्न होऊन जर्मनीस जाणाऱ्या सुना या भाषेची चौकशी करू लागल्या आहेत. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी दहा हजार कुशल कामगार पाठविण्याचा करार केला, तेव्हापासून ही चर्चा वाशिम जिल्ह्यातील खेड्यांपर्यंत पोहोचली. २००७ पासून नवऱ्याकडे किंवा बायकोकडे जर्मनीस राहावयास जाणाऱ्यांना, काही अपवाद सोडल्यास, 'ए-वन' ही पहिली पायरी आधी उत्तीर्ण व्हावी लागते.

पालकांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. ए-वन म्हणजे नोकरी नव्हे. तेथील व्यवसाय-शिक्षणाला साधारणपणे बी-वन आणि परिचारिकेच्या मान्यतेला साधारणपणे बी-टू लागते. ए-वनच्या कागदावर नोकरीची हमी देऊन पैसे मागणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवावे.

गोएथे संस्थेची ही परीक्षा मुंबई व पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात होते. तेथे शिकवणी न लावता बाहेरूनही बसता येते. एकूण गुण १००, उत्तीर्ण व्हावयास ६०. त्यातले २५ बोलण्याचे. आपली मुले अडतात ती येथेच, कारण पुस्तक पाठ असते पण तोंड उघडलेले नसते. दोन परीक्षक समोर, शेजारी इतर परीक्षार्थी, जास्तीत जास्त चौघे, आणि सारे सुमारे पंधरा मिनिटांत संपते. तयारीला वेगळा वेळ मिळत नाही.

प्रथम स्वतःची ओळख करून द्यावयाची : नाव, वय, देश, गाव, भाषा, काम, छंद. 'इश वोने इन वाशिम', म्हणजे मी वाशिमला राहतो. मग परीक्षक एखाद्या शब्दाची किंवा नावाची अक्षरे सांगावयास लावतो आणि एखादा नंबर विचारतो. येथे इंग्रजीची सवय घात करते. जर्मनमध्ये ए ला 'आ', ई ला 'ए' आणि आय ला 'ई' म्हणतात. तेव्हा इंगोले हे आडनाव 'ई, एन, गे, ओ, एल, ए' असे सांगावे लागते. झेडला 'त्सेट' म्हणतात. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या चमच्यातला च. मराठी मुलाला तो शिकवावा लागत नाही.

मराठीचा आधार आणखीही आहे. एकवीस म्हणताना आपण एक आधी म्हणतो, वीस मागून. जर्मनही तसेच म्हणतो, 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश'. तो, ती, ते ही तीन लिंगे त्यांच्याकडे आहेत, आपल्याकडेही आहेत. मात्र कोणत्या शब्दाला कोणते, हे पाठच करावे लागते. इंग्रजी कच्चे आहे म्हणून जर्मन जमणार नाही, असे म्हणणाऱ्या मास्तरांचे ऐकू नये.

आडनावाविषयी थोडे अधिक लिहितो. आपल्याकडे 'पूर्ण नाव काय?' असे विचारणाऱ्याला बहुधा दुसरेच काही हवे असते, आणि उत्तर ऐकून त्याचा चेहरा बदलतो. भाड्याची खोली शोधणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव आहे. म्हणून आपली कित्येक मुले आडनाव खालच्या आवाजात सांगतात. ही सवय परीक्षेत नडते. तेथे आडनाव म्हणजे केवळ अक्षरे, ती एकेक करून मोठ्याने उच्चारली की गुण मिळतात. जर्मनीत वर्णभेद नाही असे माझे म्हणणे नाही. पण परीक्षेच्या टेबलापुरते तरी इंगोले हे सहा अक्षरी नाव आहे, बस्स.

बाबासाहेबांनी १९२१ साली बॉन विद्यापीठात नाव नोंदविले, तेव्हा त्यासाठीचा अर्ज त्यांनी जर्मनमध्ये लिहिला होता. लंडनच्या अभ्यासामुळे तेथील शिक्षण पुढे गेले नाही, पण भाषा त्यांनी शिकून घेतली होती.

दुसऱ्या भागात चिठ्ठी उचलून शेजाऱ्याला प्रश्न विचारावयाचा. विषय खाणे-पिणे आणि चिठ्ठीवर 'रविवार' आला, तर 'वास एसेन झी आम झोनटाग?', रविवारी काय खाता? उत्तर देताना भाकरीला जर्मन शब्द शोधत बसू नये, 'ब्रोट' म्हणून मोकळे व्हावे. तिसऱ्या भागात चित्र पाहून विनंती करावयाची आणि दुसऱ्याच्या विनंतीला उत्तर द्यावयाचे. 'बिटे' हा शब्द विसरू नये. आपण वऱ्हाडात 'द्या जी' म्हणतो, त्यातला तो 'जी' समजा. प्रश्न कळला नाही तर 'नोख आइनमाल, बिटे' म्हणजे पुन्हा एकदा सांगा, असे खुशाल म्हणावे. व्याकरणाची बारीक चूक झाली तरी समोरच्याला अर्थ कळला की गुण मिळतात. गप्प बसणाऱ्याला मात्र काहीच मिळत नाही.

ही तयारी एकट्याने होत नाही. रविवारी विहारात वंदना आटोपली की चौघांनी गोल बसावे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर शब्द लिहून चिठ्ठ्या कराव्यात. आईला जर्मन येत नसले तरी चिठ्ठी काढून देता येते, घड्याळ पाहता येते आणि कोणाचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोहोचला नाही, तेही सांगता येते. सुरुवात पिनकोडपासून करा. वाशिमचा ४४४५०५ : फिअर, फिअर, फिअर, फ्युन्फ, नुल, फ्युन्फ.