मद्यविक्रीचा परवाना व शेजाऱ्यांचें मौन

इंग्लंड व वेल्स येथें दुकानास मद्यविक्रीचा परवाना देण्याचें काम २००३ च्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटांकडून काढून स्थानिक कौन्सिलांकडे सोंपविलें. अर्जाची नोटीस दुकानावर २८ दिवस लागते. तेवढ्या मुदतींत कोणींच हरकत न घेतल्यास विधियुक्त अर्ज कौन्सिलास मंजूर करावाच लागतो. मौन ही तेथें संमतीच होय. हरकत आल्यास सामान्यतः तीन सभासदांची उपसमिति उभय पक्षांचें म्हणणें ऐकते. मात्र मद्य निंद्य आहे, एवढें म्हणून भागत नाहीं. गुन्ह्यांस आळा, सार्वजनिक सुरक्षितता, उपद्रवनिवारण व बालरक्षण या चार हेतूंशीं हरकतीचा संबंध दाखवावा लागतो. म्हणून आम्हांस वाटतें कीं, दिवाणखान्यांतील शंभर धिक्कारांपेक्षां रस्त्यावरील उपद्रवाची तारीखवार नोंद असलेला एक कागद अधिक समर्थ होय.