कोठडी सरकारची, खर्च घरच्यांचा

५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकी लष्कराचे सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरले. त्यांत बहुतेक गुजरात, हरियाणा आणि पंजाबचे होते, तिघे महाराष्ट्रातले. हातापायांतल्या बेड्यांवरून संसदेत गदारोळ झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण अमेरिकेत माणसाला परत पाठवण्याआधी ज्या कोठडीत ठेवले जाते, तिथला त्याचा रोजचा खर्च कोण भागवते, हा प्रश्न त्या गदारोळात कुठे ऐकू आला नाही. ज्याने धरले त्याने पोसायचे, असे कोणीही म्हणेल. प्रत्यक्षात तिथला साबण, टूथपेस्ट, रात्रीची भूक आणि वकिलाशी बोलण्याची मिनिटे यांचा बराचसा भार घरचे लोक उचलतात. या पैशाला आपण खाऊचे पैसे समजतो. माझ्या मते तो सरकारी स्थानबद्धतेचा खर्चच आहे, फक्त बिल दुसऱ्याच्या नावावर फाटते. आणि ते ज्याच्या घरच्यांना झेपत नाही त्याचा खटलाही दुबळा होतो.

आधी कायदा पाहू. व्हिसाची मुदत उलटल्यावर अमेरिकेत राहणे हा नियमभंग आहे, पण तेवढ्याने माणूस फौजदारी गुन्हेगार ठरत नाही. इमिग्रेशनचा खटला दिवाणी स्वरूपाचा असतो आणि त्यासाठी केलेली स्थानबद्धता ही शिक्षा नव्हे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ च्या झॅडविडास निकालात गृहीत धरले आहे. माणूस सुनावणीला हजर राहावा आणि हद्दपारीचा हुकूम झालाच तर हाती लागावा, एवढाच तिचा हेतू. ‘आइस’ या अंमलबजावणी यंत्रणेच्या ताब्यात ऑगस्ट २०२५ मध्ये ६० हजारांहून अधिक माणसे होती आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांवर कोणताही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. शिक्षा नसलेल्या कोठडीत टंचाई ही शिस्तीची बाब म्हणून खपवता येत नाही. तुरुंगाबद्दल जो युक्तिवाद एखाद्याला पटेल, तो इथे मुळातच लागू पडत नाही.

पैसे पाठवायचे म्हणजे आधी माणूस सापडायला हवा. ‘आइस’च्या संकेतस्थळावर शोधयंत्रणा आहे. तिथे ए-नंबर आणि जन्मदेश टाकला की माणूस कुठल्या केंद्रात आहे ते कळते. ए-नंबर म्हणजे ‘ए’ या अक्षरामागे येणारा आठ-नऊ अंकी नोंदणी क्रमांक. तो हाताशी नसेल तर नावाने शोधता येते, मात्र नाव अक्षरन् अक्षर जुळावे लागते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे असते, पासपोर्टवर ते कधी पहिल्या नावाला चिकटते, कधी गळते. अमेरिकी नोंदीत काय चढले असेल याचा भरवसा नाही. म्हणून ए-नंबर पहिल्याच फोनवर लिहून घेणे शहाणपणाचे. पुढचा टप्पा केंद्रागणिक वेगळा. काही केंद्रे ‘जिओ ग्रुप’ किंवा ‘कोअरसिव्हिक’ यांसारख्या खासगी कंपन्या चालवतात, काही ठिकाणी परगण्याच्या तुरुंगातल्या खाटा सरकारने भाड्याने घेतलेल्या असतात. पैसे स्वीकारण्याचे काम बहुधा आणखी तिसऱ्याच कंपनीकडे असते आणि अ‍ॅपवरून, फोनवरून किंवा केंद्राच्या दारातल्या यंत्रातून भरलेल्या रकमेवर ती शुल्क घेते. टपालाने मनी ऑर्डर पाठवली तर शुल्क वाचते, पण दिवस जातात. तेवढ्यात माणसाला न्यू जर्सीतून लुइझियानाला किंवा टेक्ससला हलवले, तर तिथे कंपनी वेगळी, खाते वेगळे. जुनी शिल्लक नियमाप्रमाणे मागोमाग जायला हवी. ती पोहोचेपर्यंत घरच्यांना नव्याने श्रीगणेशा करावा लागतो.

या पैशातून काय येते? रॉयटर्सने जानेवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अ‍ॅडेलांटो केंद्राच्या कमिसरीचे, म्हणजे आतल्या दुकानाचे, भाव छापले होते. ट्यूनाचा डबा ३.२५ डॉलर, जवळच्या टार्गेट दुकानापेक्षा चौपटीहून महाग. इन्स्टंट नूडल्सचे पाकीट ५८ सेंट, बाहेरच्या दुप्पट. टूथपेस्टची एक नळी ११ डॉलरच्या वर. याच्या शेजारी आतली मजुरी ठेवून पाहा. स्वयंपाकघर, धुणे, फरशी ही कामे ‘स्वेच्छा कार्यक्रमा’त स्थानबद्ध माणसेच करतात आणि मोबदला असतो दिवसाला एक डॉलर. हा दर अमेरिकी संसदेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस घातलेल्या मर्यादेतून आला आहे. तेव्हाच्या डॉलरची किंमत आज चार-पाच डॉलर भरेल, पण दर बहुतेक ठिकाणी तिथेच रुतून बसला. म्हणजे बाहेरून कोणी पैसे पाठवत नसेल तर अकरा दिवस फरशी पुसल्यावर दात घासायची सोय. यातले ‘स्वेच्छा’ किती आणि नाइलाज किती, हे वाचकाने ठरवावे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: जेवण, कपडे, साबण, औषध हे सगळे नियमाने फुकट मिळते, कमिसरी ही केवळ चैन. नियमपुस्तकात तसे लिहिले आहे, हे खरे. पण अमेरिकी गृहसुरक्षा खात्याच्याच महानिरीक्षकांनी डिसेंबर २०१७ च्या अहवालात नोंदवले की काही केंद्रांत टॉयलेट पेपर, शाम्पू, साबण, टूथपेस्ट संपल्यावर वेळेवर मिळत नाही, किंवा मिळतच नाही अशा तक्रारी आहेत. आणि एके ठिकाणी तर सुरुवातीला दिलेले संपले की कमिसरीतून विकत घ्या, असे सांगितले जाते, जे नियमांच्या विरुद्ध आहे. जून २०१९ च्या अहवालात याच कार्यालयाला काही केंद्रांच्या स्वयंपाकघरांत खराब झालेले आणि मुदत उलटलेले अन्न आढळले. हे सरकारच्या स्वतःच्या तपासनिसाचे म्हणणे आहे, कुठल्या चळवळीच्या पत्रकातले नव्हे. पुरवठा ढिला पडला की दुकान चालते आणि दुकान चालते म्हणून ढिलाईची ओरड बाहेर पोहोचत नाही. घरचे पैसे नेमकी ही फट बुजवत राहतात.

साबणापेक्षाही मोठा मुद्दा फोनचा आहे. इमिग्रेशन न्यायालयात सरकारी खर्चाने वकील मिळत नाही. वकिलाचा हक्क आहे, पण स्वतःच्या पैशाने. २००७ ते २०१२ या काळातल्या खटल्यांचा अभ्यास सांगतो की बाहेर राहून लढणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणांना वकील होता, कोठडीतल्यांपैकी फक्त १४ टक्क्यांना. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्था, न्यायालये आणि वकिलाती यांना फुकट फोन करता आला पाहिजे असा नियम आहे, आणि तो उपयोगाचाही आहे. पण खटला तेवढ्यावर उभा राहत नाही. आश्रय मागणाऱ्या पंजाबच्या तरुणाला गावातून पोलीस तक्रारीची प्रत हवी असते, दवाखान्याचे कागद हवे असतात, साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र आणि त्या सगळ्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवे असते. हे सगळे घरी फोन करूनच जमते आणि त्या फोनला पैसे पडतात. कोविड साथीच्या काळात दिलेली महिन्याची ५२० मोफत मिनिटे २०२४ मध्ये बंद झाली. तुरुंगातल्या फोनदरांविरुद्धची लढाई वॉशिंग्टनच्या मार्था राइट या दृष्टिहीन आजीने नातवाशी बोलता यावे म्हणून २००० मध्ये न्यायालयात नेली होती. त्यांच्या नावाचा कायदा जानेवारी २०२३ मध्ये झाला, तोही त्यांच्या मृत्यूनंतर. त्याखाली २०२४ मध्ये मोठ्या तुरुंगांसाठी मिनिटाला सहा सेंटची कमाल मर्यादा ठरली आणि इमिग्रेशन कोठड्याही या नियमांच्या कक्षेत आल्या. पुढच्याच वर्षी अंमलबजावणी लांबणीवर टाकून मर्यादा वाढवण्याचा निर्णय झाला.

दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे: यांना अडवले कोणी? हद्दपारी मान्य करा, घरी जा, खर्च संपला. ज्याच्या बाजूने कायद्यात काहीच नाही त्याच्यासाठी हा सल्ला कदाचित योग्यही असेल. पण आश्रय मागण्याची तरतूद अमेरिकेच्याच १९८० च्या निर्वासित कायद्यात आहे, आणि अनेकांची मुले जन्माने अमेरिकी नागरिक आहेत. दावा खरा की खोटा हे न्यायाधीशाने ठरवायचे. तो ठरण्याआधीच खात्यातली शिल्लक संपली म्हणून माणूस सही करून मोकळा होत असेल, तर निर्णय टंचाईने दिला असे म्हणावे लागेल. शिवाय सही केली की दुसऱ्या दिवशी सुटका, असेही नाही. प्रवासाची कागदपत्रे आणि विमानातली जागा यांत आठवडे जातात आणि तेवढे दिवस खाते भरतच राहावे लागते.

राहिला करदात्याचा मुद्दा. परक्यांच्या टूथपेस्टचा भार आम्ही का सोसावा, असे अमेरिकी नागरिक विचारू शकतो. मात्र तो आधीच एका माणसाच्या एका दिवसाच्या कोठडीसाठी दीडशे डॉलरच्या आसपास मोजतो आहे, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने कोठड्यांसाठी ४५ अब्ज डॉलर बाजूला काढले आहेत. या रकमांपुढे साबण आणि फोनचा खर्च किरकोळ आहे. वाचतो तो कोणाचा पैसा, हे टकोमा इथल्या कोठडीच्या प्रकरणात दिसले. २०२१ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या ज्यूरीने ‘जिओ’ला एक डॉलर रोजावर काम करून घेतल्याबद्दल १ कोटी ७३ लाख डॉलरची थकीत मजुरी द्यायला लावली; राज्याचे किमान वेतन तेव्हा तासाला १३.६९ डॉलर होते. कंपनीने काय करावे? तिथला कार्यक्रमच थांबवला. अपील न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये निकाल कायम ठेवला. घरच्यांनी पैसे पाठवूच नयेत, असा अर्थ यातून कोणी काढू नये. पाठवलेल्या पैशातून बिस्किटे यावीत, पुस्तक यावे. दात घासणे आणि वकिलाला माहिती पुरवणे हे त्यावर अवलंबून असू नये, एवढीच मागणी आहे, आणि साबण-टूथपेस्टपुरती ती मान्य झाली तर नियमपुस्तकात एक ओळही नवी घालावी लागणार नाही.

तोवर घरच्यांना व्यवहार पाहावा लागणार. हाती पैसा मोजका असेल तर वकील आधी, बॉण्ड, म्हणजे सुटकेसाठीचा जामीन, त्यानंतर आणि कमिसरी शेवटी. बॉण्डची किमान रक्कम कायद्याने १,५०० डॉलर आहे, प्रत्यक्षात ती अनेक पटींनी जास्त लागू शकते आणि भरावी लागते पूर्ण. खटला संपेपर्यंत अटी पाळल्या तर ती परत मिळते. मात्र सप्टेंबर २०२५ च्या इमिग्रेशन अपील मंडळाच्या निर्णयाने तपासणीविना सीमा ओलांडलेल्यांना बॉण्ड नाकारला आणि त्यावर ठिकठिकाणच्या फेडरल न्यायालयांत वाद सुरू झाले. म्हणून बॉण्डची जुळवाजुळव करण्याआधी वकिलाला विचारावे. भारतातून रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत जवळच्या नातेवाइकाच्या निर्वाहासाठी पैसे पाठवता येतात, पण कोठडीतले खाते हे बँकेतले खाते नव्हे. त्यामुळे तिकडचा एखादा विश्वासू माणूस मध्ये लागतोच. आणि ‘अधिकारी बोलतोय, लगेच भरा, आज सोडतो’ असा फोन आला आणि गिफ्ट कार्डाचे क्रमांक मागितले, तर तो भामटाच समजावा.

खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नये, यालाही कारण आहे. सुटकेच्या किंवा हद्दपारीच्या वेळी शिल्लक अनेकदा धनादेश किंवा प्रीपेड कार्डाच्या रूपात हातात पडते. अमेरिकी ग्राहक संरक्षण यंत्रणेने २०२१ मध्ये ‘जेपे’ या कंपनीला तुरुंगातून सुटणाऱ्यांना दिलेल्या अशा कार्डांवरच्या शुल्कांबद्दल ६० लाख डॉलर भरायला लावले, त्यांतले ४० लाख ग्राहकांच्या भरपाईसाठी. मेक्सिकोत परत पाठवलेल्यांचे धनादेश आणि कार्डे तिथे चालत नाहीत, हे अ‍ॅरिझोनातल्या ‘नो मोअर डेथ्स’ या संस्थेने २०१४ मध्येच अहवालात मांडले होते. अमेरिकी बँकेचा पंचवीस-तीस डॉलरचा धनादेश घेऊन इथल्या शाखेत गेलात, तर वटवणुकीचा खर्चच जड होण्याची शक्यता जास्त. म्हणून आठवड्याला पुरेल इतकेच पाठवावे, प्रत्येक पावती ए-नंबरासह जपून ठेवावी आणि हद्दपारीची तारीख कळताच भरणा थांबवावा.