सरीची दिशा

नांगराच्या तासास संस्कृतांत सीता म्हणतात. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शेतीवरील अधिकाऱ्याचें नांवच सीताध्यक्ष असें आहे. अशा रेषा सृष्टींत इतरत्रहि आढळतात. त्यांपैकीं दोन आम्ही वाचकांपुढें ठेवितों, कारण त्यांवरून आपल्या सरीचें काम नीट उमगतें.

बेडकाचें अंडें फलित झाल्यावर त्याच्या माथ्यावर एक खांच उमटते, ती खालपर्यंत उतरते आणि एका पेशीच्या दोन होतात. स्नायूंत असतात त्याच जातीच्या तंतूंचें कडें पेशीभोंवतीं आंतून आवळत जातें, म्हणून ही खांच पडते. पिकांच्या पेशींस ताठ भित्ती असते. तेथें खांच न पडतां मध्यें नवी भिंत बांधली जाते.

मनुष्याच्या मेंदूवरील खांचांचें काम निराळें. मेंदूचें बाह्य आवरण घड्या पडून कवटींत मावलेलें असतें व त्याचा सुमारें दोनतृतीयांश भाग या खांचांत दडलेला असतो. उंदराचा मेंदू जवळजवळ गुळगुळीत असतो. तात्पर्य, एक खांच दुभागते, दुसरी सामावून घेते.

शेतांतील सरी यांपैकीं कोणतें काम करील, हें तिच्या दिशेवर ठरतें. उताराच्या दिशेनें काढलेली सरी पावसाच्या पाण्यास वाट देते. तिचा ओघळ होतो, ओघळीची घळ होते व शेत दुभागतें. हेक्टरभर जमिनीवरून १ सेंटिमीटर थर गेला, तर १०० घनमीटर, म्हणजे अदमासें १३० टन माती गेली. उताराशीं आडवी सरी तेंच पाणी अडवून जमिनींत मुरविते.

शेताची लांबी उताराच्या बाजूस असली कीं कमी वळणें घ्यावीं लागावींत म्हणून त्याच बाजूनें औत चालतें, हें आम्ही जाणतों. तरी निदान शेवटची कुळवणी व पेरणी आडवी करावी. भारी काळ्या जमिनींत पाणी तुंबण्याचें भय असतें. तेथें सरीस अगदीं अल्प उतार द्यावा. हैदराबादेजवळील पाटणचेरू येथें १९७२ सालीं स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेनें रुंद वरंबा व सरी यांच्या पद्धतींत हा उतार दर १०० मीटरांस सुमारें अर्धा मीटर धरला आहे.

पहिल्या मोठ्या पावसांत बांधावर उभें राहून बाहेर जाणारें पाणी पाहावें. तें गढूळ व वेगानें जात असेल, तर सरीची दिशा पुढील पेरणीपूर्वीं बदलावी, अशी आमची शेतकरी बंधुभगिनींस विनंति आहे.