एकशे ऐंशी महिने

१८० महिने. प्रादेशिक सेनेतल्या जवानाला निवृत्तिवेतन हवे असेल तर प्रत्यक्ष सेवेत एवढे भरावे लागतात, म्हणजे १५ वर्षे. अधिकाऱ्याला २०. पायदळाच्या बटालियनचे वार्षिक प्रशिक्षण असते दोन महिन्यांचे. समजा तेही दिवस धरले आणि दुसरे बोलावणे कधी आलेच नाही, तर १८० भरायला ९० वर्षे लागतील. भरतीचे वय १८ ते ४२.

म्हणून हा हिशेब खरा चालतो तो बोलावण्यावर. सरकारने बटालियनला 'एम्बॉडी' केले की अर्धवेळ जवान पूर्णवेळ होतो आणि वर्षे मोजली जाऊ लागतात. मे २०२५ च्या आदेशाने ३२ पैकी १४ पायदळ बटालियन बोलावण्याची मुभा लष्करप्रमुखांना मिळाली. मुदत मागे फेब्रुवारी २०२५ पासून धरून ९ फेब्रुवारी २०२८ पर्यंत, एकूण ३ वर्षे. ती पूर्ण पदरात पडली तरी पंधरातला पाचवा हिस्सा.

मग इतकी वर्षे माणूस टिकवायचा कसा? अमेरिकेच्या राखीव लष्करात मुदत संपत आलेल्या सैनिकाशी बोलून त्याला थांबवून घेण्यासाठी स्वतंत्र पद आहे. हेच काम आपल्याकडे एखाद्या सुभेदाराच्या अंगावर पडले, तर आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनीच्या जवानाला तो काय सांगेल? कायदा सांगेल बहुधा: १९४८ च्या कायद्यानुसार सेवेवरून परतलेल्याला मालकाने कामावर परत घ्यायचे असते. कायदा चांगलाच आहे, पण तो पगारदाराचा. इथे धान पिकते, आणि बांधी कोणाची जागा राखून ठेवत नाही. बोलावणे रोवण्याच्या दिवसांत आले तर मजूर लावा, त्याची मजुरी घरातून द्या. शिवाय मराठा लाइट इन्फंट्रीच्या १०१ आणि १०९ या बटालियन अनुक्रमे पुण्यात आणि कोल्हापुरात. इथून आठशे किलोमीटरच्या पुढे.

गावाजवळचा पर्याय होमगार्डचा. ती काही राखीव सेना नव्हे, पण माणूस टिकवण्याची अडचण तीच. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत सुरू झालेल्या या दलात नोंदणी ३ वर्षांची, मग पुनर्नोंदणी. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोजचा कर्तव्य भत्ता ५७० वरून १,०८३ रुपये झाला. महिनाभर बंदोबस्त मिळाला तर ३२,४९०. न मिळाला तर शून्य. वर एक गंमत: ३ वर्षे पूर्ण केलेल्याला पोलीस भरतीत ५ टक्के आरक्षण. थांबण्याचे बक्षीस म्हणून निघून जाण्याची वाट! तालुका समादेशकाला ती अडवताही येत नाही, अडवूही नये.

माझ्या मते आता पाहावे ते अग्निवीरांकडे. पहिली तुकडी २०२२-२३ च्या हिवाळ्यात रुजू झाली, तिची चार वर्षे २०२६-२७ च्या हिवाळ्यात भरतात. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. बाकीचे तयार जवान पंचविशीच्या आसपास घरी परततील. ४२ च्या मर्यादेला तेव्हा सतरा-अठरा वर्षे बाकी असतील. त्यांना अग्निवीर म्हणून निवृत्तिवेतन नाही. इथल्या कोहमाऱ्याच्या चौकात बसमधून उतरलेल्या अशा पोराला प्रादेशिक सेनेत या म्हटले, तर तो आधी विचारेल: माझे ४८ महिने त्या १८० मध्ये धरणार का?