इचार सुटंना

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी सिन्नरच्या आमच्या आळीत, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन आणि पत्र्याच्या मापावर तेंदूचे पान कातरीत दिवसाला शेकड्यांनी विड्या वळणाऱ्या एका काकूंचे हात एके दुपारी अकस्मात थांबले. "डोक्यातला इचारच सुटंना, वहिनी," एवढेच त्या माझ्या आईला म्हणाल्या. घरच्यांनी 'बाहेरचे' मानून देवऋषी बोलावला, उतारा टाकला. आणि कोणी 'ठाण्याला न्या' असे सुचविताच सारा वाडा निःशब्द झाला.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. पण त्या गावाचे नाव घेणे म्हणजे माणूस घरातून वजा करणे, असाच लोकांचा समज होता. ती भीती निराधार नव्हती, कारण १९१२ च्या कायद्यान्वये भ्रमिष्टाची रवानगी मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने, प्रसंगी पोलीस बंदोबस्तात होई, आणि तो कायदा १९९३ पर्यंत अमलात राहिला. दुःखाची दखल प्रथम दफ्तराने घ्यावी, हे मला आजही क्रूर वाटते.

वस्तुतः ज्या भूमीत तेराव्या शतकातील ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडे म्हणत असतानाच महानुभावांनी त्यांना परमेश्वरावतार मानले, तिची वेडाविषयीची समज इतकी संकुचित कधीच नव्हती. महाराष्ट्रातील एका महानुभाव मंदिरात रुग्णांसोबत राहणाऱ्या स्त्रिया आप्ताची पीडा आपल्या अंगावर यावी म्हणून स्वतः झपाटल्या जातात, असे व्हीडा स्कल्टान्स या अभ्यासिकेने १९८७ मध्ये नोंदविले. त्या मायेपुढे मी नतमस्तक होतो. मात्र ते ओझे बाईनेच का वाहावे, हा प्रश्न सुटत नाही.

काकूंच्या बोलण्याचे सख्खे भावंड मला पुढे झिंबाब्वेत सापडले. तेथील शोना भाषेत अतिविचाराच्या व्यथेला 'कुफुंगिसिसा' म्हणतात. या शब्दाचा हरारेत अभ्यास केलेले मुंबईचे डॉ. विक्रम पटेल यांनी १९९६ मध्ये गोव्यात 'संगाथ' ही संस्था सहकाऱ्यांसह उभारली, आणि तिच्या प्रयोगात सामान्य स्थानिक माणसे प्रशिक्षण घेऊन आरोग्यकेंद्रांत समुपदेशन करू लागली. हरारेतही २००६ पासून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी शिकवून तयार केलेल्या आज्या दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून लोकांचे ऐकून घेतात. आपल्याकडे २०१७ च्या कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधणे निषिद्ध ठरविले. परंतु ऐकणारे माणूस कायद्याने निर्माण होत नाही.

आई मात्र रोज दुपारी काकूंपाशी बसे, ओल्या फडक्यातली पाने उलगडून देई. काकू बऱ्या झाल्या, असे म्हणता येणार नाही. पण दोन वाजले की सुपाशेजारी आईसाठी गोणपाट अंथरलेले असे.