एआय एजंटसाठी एपीआय साधनांची वर्णने : मूल्यमापनाचे निकष व पद्धती

प्रस्तावना :
दोन संगणकप्रणालींमधील देवाणघेवाण ज्या नियमबद्ध दुव्यामार्फत चालते, त्यास एपीआय असे म्हणतात. या दुव्याची माहितीपुस्तिका पूर्वी प्रोग्रामर वाचत असे. पुस्तिकेत उणीव राहिल्यास तो सहकाऱ्यास विचारी, प्रयोग करून पाही आणि मगच प्रोग्राम लिही. जून २०२३ मध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंगची सोय उपलब्ध करून दिली, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. या घडामोडींमुळे लँग्वेज मॉडेलवर चालणारा एआय एजंट हा अशा वर्णनांचा नवा वाचक ठरला. साधनाचा अंतर्गत प्रोग्राम त्यास सहसा दिसत नाही. वर्णनात जे लिहिले आहे त्यावरच त्याचा निर्णय अवलंबून असतो. म्हणूनच वर्णनाच्या गुणवत्तेचे मूल्यमापन कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वर्णनाची अंगे :
मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलनुसार साधनाची ओळख मुख्यतः तीन गोष्टींनी होते : नाव, सर्वसामान्य भाषेतील वर्णन आणि द्यावयाच्या माहितीचा जेसन स्कीमा. स्कीमा माहितीचा प्रकार सांगतो. अर्थ सांगण्याचे काम वर्णनाचे असते. उदाहरणादाखल, एखाद्या महाविद्यालयीन ग्रंथालयात 'पुस्तक राखून ठेवणे' व 'मुदत वाढविणे' अशी दोन साधने आहेत, असे मानू. दोहोंचे वर्णन केवळ 'पुस्तकाची नोंद बदलते' इतकेच असल्यास, 'हे पुस्तक आणखी आठवडाभर हवे आहे' या विनंतीसाठी एजंट कोणतेही साधन निवडू शकेल. दिनांकाचा नमुना न दिल्यास ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे, हाही प्रश्न उरतो. चूक होऊनही नोंद यशस्वी झाल्याचाच संदेश येतो आणि दंड मात्र विद्यार्थ्यास भरावा लागतो.

मूल्यमापनाचे निकष :
१) निवडीची अचूकता : विनंतीस अनुरूप साधनच निवडले गेले काय?
२) माहितीची अचूकता : दिनांक, क्रमांक, एकक इत्यादी योग्य रीतीने भरले गेले काय?
३) संयम : योग्य साधन उपलब्ध नसताना एजंट थांबतो काय?
४) सातत्य : तीच विनंती पुनःपुन्हा केल्यास तोच योग्य परिणाम मिळतो काय?
५) काटकसर : वर्णन मॉडेलच्या मर्यादित संदर्भात अवाजवी जागा व्यापते काय?

यांपैकी तिसरा निकष अनेकदा दुर्लक्षिला जातो. साधन काय करते याबरोबरच ते काय करीत नाही, हेही वर्णनात नोंदवणे त्यासाठी आवश्यक ठरते. चौथ्या निकषाचे महत्त्व २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टाऊ-बेंच या चाचणीने दाखवून दिले. किरकोळ विक्रीच्या क्षेत्रात, तेच काम आठही प्रयत्नांत बिनचूक करण्याचे तत्कालीन जीपीटी-४ओ मॉडेलचे प्रमाण २५ टक्क्यांहून कमी आढळले. अर्थात, हे अपयश केवळ वर्णनांचे नव्हते. मात्र एकाच चाचणीवरून निष्कर्ष काढणे किती धोक्याचे आहे, हे त्यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापनाची पद्धती :
मॉडेल, साधने व प्रश्नसंच कायम ठेवून केवळ वर्णन बदलावे आणि दोन्ही वेळच्या परिणामांची तुलना करावी. असे केल्यासच परिणामांतील फरक वर्णनास लागू करता येतो. प्रश्न तयार करणाऱ्याने वर्णन वाचलेले नसावे; अन्यथा वर्णनातीलच शब्द प्रश्नांत उतरतात व परीक्षा सोपी होते. वर्णनात सुधारणा करताना वापरलेले प्रश्न अंतिम चाचणीत घेऊ नयेत. तसेच एका मॉडेलला उपयुक्त ठरलेले वर्णन दुसऱ्यासही तितकेच उपयुक्त ठरेल असे नाही. त्यामुळे चाचणी एकाहून अधिक मॉडेलवर घ्यावी.

उत्तर तपासण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात एजंटने केलेल्या आवाहनाची रचना अपेक्षित रचनेशी ताडून पाहतात. बर्कले फंक्शन कॉलिंग लीडरबोर्डमध्ये या रीतीचा अवलंब केला आहे. दुसऱ्या मार्गात काम संपल्यावर माहितीसाठ्यातील अंतिम स्थिती तपासली जाते. टाऊ-बेंचची रीत ही आहे. पहिल्या मार्गाने दोष नेमका कोठे आहे ते कळते, तर दुसऱ्याने काम प्रत्यक्षात झाले की नाही ते कळते. दोन्ही परस्परपूरक आहेत.

मर्यादा :
उत्तम वर्णन हे सदोष साधनास पर्याय ठरू शकत नाही. दोन साधनांची कार्येच एकमेकांत मिसळलेली असल्यास शब्द वाढविण्याऐवजी साधनांची पुनर्रचना करणे श्रेयस्कर होय. शिवाय वर्णन हा मॉडेलने वाचावयाचा मजकूर असल्याने परक्या स्रोताकडून आलेल्या वर्णनात घातक सूचना दडविलेल्या असू शकतात. असे वर्णन अचूकतेच्या कसोटीस उतरले तरी ते विश्वासार्ह ठरत नाही. त्याची सुरक्षिततेच्या दृष्टीने स्वतंत्र तपासणी करावी लागते.

निष्कर्ष :
साधनाचे वर्णन हा एजंटच्या वर्तनाला दिशा देणारा घटक आहे. त्याची पारख सुवाच्यतेवरून न करता त्यातून घडणाऱ्या कृतीवरून करावी. नोंद पुसणे, पैसे वळते करणे यांसारख्या सहजासहजी परत न फिरविता येणाऱ्या कृतींच्या बाबतीत ही पारख साधन वापरात आणण्यापूर्वीच होणे अगत्याचे आहे.