लष्कराचा खर्च आणि शाळेची पाटी

राष्ट्राच्या जमाखर्चात दोन प्रकारचे खर्च असतात. एक, जो मागताक्षणीच मिळतो. दुसरा, जो मागितला असता 'शिल्लक राहिल्यास पाहू' असे उत्तर मिळते. फौजेचा खर्च पहिल्या प्रकारात मोडतो व प्राथमिक शिक्षणाचा दुसऱ्या. ही वाटणी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही, तरी शंभराहून अधिक वर्षे ती अव्याहत चालत आली आहे. परके राज्य गेले व स्वराज्य आले, परंतु तिजोरीच्या किल्ल्यांबरोबर ही रीतही आमच्या हाती आली.

इंग्रजी अमलात या रीतीस निदान एक उघड कारण होते. फौज आमच्या पैशाने पोसली जाई, पण तिचे धनी दुसरे होते. 1867 साली अॅबिसिनियात, 1882 साली मिसर देशात व 1885 साली सुदानात हिंदी फौजा पाठविण्यात आल्या आणि त्या मोहिमांच्या खर्चाचा काही भार हिंदी रयतेवर पडला. ज्या साली मिसरची मोहीम झाली, त्याच साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन करून प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली. सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामाचा, मग त्याच्या मुलास शाळा का नाही, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचे उत्तर सरकारने दिले नाही.

नामदार गोखले यांनी तोच प्रश्न कायद्याच्या रूपाने वरिष्ठ कौन्सिलात मांडला. 1911 च्या मार्चमध्ये त्यांनी आणलेले बिल किती सौम्य होते, हे कायदा जाणणाऱ्यास पाहताच कळेल. सक्ती सर्वत्र नव्हती. जेथे बरीच मुले आधीच शाळेत जात असतील अशाच ठिकाणी, तीही म्युनिसिपालिटीने किंवा लोकल बोर्डाने स्वतः मागितली तर, सहा ते दहा वर्षांच्या मुलांपुरती. खर्चाचे दोन हिस्से सरकारने व एक हिस्सा स्थानिक संस्थेने सोसावयाचा होता. त्या वेळी देशात शेकडा सहा माणसांसही लिहितावाचता येत नव्हते. असे असता 19 मार्च 1912 रोजी 13 विरुद्ध 38 मतांनी ते बिल फेटाळले गेले. विरोधकांनी पुढे केलेल्या कारणांत पैशाची अडचण हे एक ठळक कारण होते.

पुढे पाचच वर्षांनी, 1917 साली, त्याच सरकारने महायुद्धासाठी हिंदुस्थानच्या वतीने इंग्लंडला 10 कोटी पौंडांची, म्हणजे सुमारे 150 कोटी रुपयांची, देणगी दिली. शाळेस पैसा नसलेली तिजोरी युद्धास कशी भरली, हे व्यापारी वाचकांस समजावून सांगणे न लगे. ज्या पेढीस मुनीम नेमावयास पैसा नाही पण शेजाऱ्याच्या तंट्यास लाखो रुपये आहेत, त्या पेढीत वाण पैशाची नसून इच्छेची असते. इकडे बडोद्यास सयाजीराव महाराजांनी 1893 साली अमरेलीत आरंभ करून 1906 साली सर्व राज्यात सक्तीचे शिक्षण चालू केले होते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तोच मार्ग धरला. संस्थानांस सरहद्द राखावयाची नव्हती, हा आक्षेप काही अंशी खरा आहे. परंतु जे आपल्या हाती आहे ते प्रथम शाळेस द्यावे, हा निश्चय सरहद्दीवर अवलंबून नसतो.

1931 साली कराचीच्या काँग्रेसने मोफत प्राथमिक शिक्षण द्यावे व लष्करी खर्च निम्म्यावर आणावा, असा ठराव केला. राज्यघटनेने 1950 साली दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करण्यास राज्यसंस्थेस सांगितले. ती मुदत 1960 साली टळली. 1962 साली चीनचे आक्रमण झाले आणि दोन वर्षांत संरक्षणखर्च दुपटीहून अधिक वाढला. तो वाढणे अवश्यच होते. फौजेची हेळसांड केल्यास काय भोगावे लागते, हे त्या हिवाळ्याने शिकविले. मात्र शिक्षणाच्या मुदतीचा भंग झाल्याबद्दल तशी घाई कोणास वाटली नाही. शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत येण्यास 2002 साल व त्याचा कायदा अमलात येण्यास 2010 साल उजाडावे लागले.

2025-26 च्या केंद्रीय अंदाजपत्रकात संरक्षणास सुमारे 6 लाख 81 हजार कोटी रुपये होते. त्यांतील सुमारे 1 लाख 60 हजार कोटी निवृत्तिवेतनाचे. शिक्षणखात्यास सुमारे 1 लाख 28 हजार कोटी होते. हे आकडे शेजारी ठेवून एकदम निवाडा देणे न्यायाचे होणार नाही, कारण शाळांचा बहुतेक खर्च राज्ये करितात. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा सहा भाग शिक्षणास द्यावा, असे कोठारी आयोगाने 1966 साली सुचविले, 1968, 1986 व 2020 च्या धोरणांनी ते पुनःपुन्हा मान्य केले, आणि केंद्र व राज्ये यांचा खर्च एकत्र धरूनही ते गाठले गेले नाही. हा मात्र निवाड्याचाच मुद्दा आहे.

कित्येक व्यापारी म्हणतात की छावणीच्या खर्चाने बाजार चालतो. चालतो खरा, पण शाळेच्या विटा, गवंडी व मास्तरांचे पगार यांनीही तो चालतोच. भेद इतकाच की तोफेचा गोळा उडाला की संपला, आणि शिकलेला मुलगा पुढे चाळीस वर्षे बाजारास उपयोगी पडतो. शिवाय आजच्या फौजेस यंत्र समजणारा शिपाई लागतो, आणि तो गावच्या शाळेतच घडतो. म्हणून फौज की शाळा, हा वादच आम्हांस मान्य नाही.

आमची मागणी दोन गोष्टींची आहे. कर्जाच्या व्याजाप्रमाणे प्राथमिक शाळेचा खर्च हाही टाळता न येणारा बोजा मानावा. दुसरे, लष्करी खर्चाची कलमे, गुप्ततेस बाध न आणता, लोकप्रतिनिधींनी तपासून मंजूर करावी. 2018 व 2023 साली सर्व खात्यांच्या मागण्या लोकसभेत चर्चेवाचून एकदम मंजूर झाल्या. गोखल्यांचे बिल पडले, पण ते दोन दिवस वादविवाद होऊन पडले होते. परक्यांच्या कौन्सिलात जितकी चौकशी झाली तितकीही स्वराज्याच्या सभागृहात होऊ नये, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते. करदात्यांनी आपल्या प्रतिनिधीस हा हिशेब विचारावा. मते मागावयास तो दारी येतो, तेव्हा तर अवश्य विचारावा.